कानापुढचं दुखणं

कान दुखतो म्हणून माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर कानात बघतात. पडदा स्वच्छ, सूज नाही, पू नाही. कान उत्तम आहे असं सांगून ते थेंब लिहून देतात, पण थेंबांनी काही फरक पडत नाही. मग संशय दाढेवर जातो, दाताचा एक्स-रे निघतो, कधी कधी एखाद्या निरपराध दाढेचं रूट कॅनालही होऊन जातं आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. सकाळी उठल्यावर कानशिलं जड, भाकरी चावताना गालात कळ, जांभई देताना कानापाशी ‘कट्ट’. यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याचं मूळ कानात नसतं आणि दाढेतही नसतं. ते कानाच्या बोटभर पुढे असतं, खालच्या जबड्याच्या सांध्यात आणि त्याहूनही अधिक वेळा तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंमध्ये. प्रौढांपैकी साधारण ५ ते १२ टक्के लोकांना हा त्रास होतो. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, आणि वय बहुधा विशी ते चाळिशीचं.

वाचता वाचता एक करून बघा. कानाच्या भोकापुढे जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे दोन्ही बाजूंना एकेक बोट ठेवा आणि तोंड अगदी सावकाश उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरल्यासारखं वाटेल. तोंड अर्ध्यावर उघडलं की तेच काहीतरी पुढे सरकेल आणि बोटाखाली खळगा पडेल. तोंड मिटताना खळगा पुन्हा भरेल. तुमच्या बोटाला जाणवलं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं गोलसर टोक. कवटीच्या बाजूला, कानशिलाच्या हाडात, त्याच्यासाठी एक खोलगट जागा असते आणि त्या जागेच्या पुढे हाडाचाच एक उतरता उंचवटा. तोंड पहिले २०-२५ मिलिमीटर उघडेपर्यंत हे टोक खोलगट जागेत नुसतं फिरतं. त्यापुढे तोंड उघडायचं तर त्याला उंचवट्यावरून पुढे आणि खाली घसरावं लागतं. म्हणजे एकाच सांध्यात फिरणं आणि घसरणं, दोन्ही. शिवाय हाड एकच आणि सांधे दोन. उजवा सांधा हलला की डाव्याला हलावंच लागतं. एका बाजूचं दुखणं म्हणून आपण दुसऱ्या बाजूने चावायला लागतो आणि काही दिवसांनी ती बाजूही कुरकुरायला लागते, त्याचं कारण हे.

हाडाचं टोक आणि खोलगट जागा यांच्यामध्ये एक चिवट, तंतूंची चकती असते. मध्ये पातळ, कडांना जाड. डोक्यावर टोपी बसावी तशी ती त्या टोकावर बसलेली असते आणि टोक पुढे सरकलं की त्याच्याबरोबर सरकते. चकतीच्या मधल्या भागात नसा नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिच्यावर भार पडला तरी दुखत नाही. तिच्या मागचा मऊ भाग मात्र नसांनी आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. तो चेपला गेला की दुखतं.

आता ‘कट्ट’ कुठून येतो ते समजायला सोपं जाईल. काही जणांत ही टोपी थोडी पुढे, कपाळावर ओढल्यासारखी सरकलेली असते. तोंड उघडताना हाडाचं टोक पुढे जातं आणि मध्येच टोपीच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्याखाली शिरतं. त्या उडीचा तो आवाज. तोंड मिटताना टोपी परत निसटते आणि बऱ्याचदा दुसरा, हलका आवाज येतो. ऐकणारा दचकतो, घरच्यांनाही शेजारी बसून ऐकू येतो, आणि माणूस काळजीत पडतो. पण नुसता आवाज, ज्यासोबत दुखणं नाही आणि तोंड उघडायला अडचण नाही, त्याला उपचार लागत नाहीत. कसलीच तक्रार नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर साधारण एकतृतीयांश लोकांत ही चकती जागेवरून सरकलेली दिसते. त्यातले बहुसंख्य लोक ते न कळताच आयुष्यभर पेरू आणि चिक्की खातात. तेव्हा आवाज बंद करण्यासाठी कोणी तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर द्यायची गरज नाही.

खरी अडचण होते ती आवाज अचानक बंद होतो तेव्हा. कित्येक महिने ‘कट्ट’ करणारा जबडा एका सकाळी गप्प होतो आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नाही. आता चकती पुढेच अडकून बसलेली असते. टोकाला तिच्याखाली शिरता येत नाही, त्यामुळे त्याचं पुढे घसरणं थांबतं. आरशात बघितलं तर तोंड उघडताना हनुवटी अडकलेल्या बाजूला वळते, कारण दुसरी बाजू पुढे जाते आणि ही जात नाही. याला ‘बंद कुलूप’ म्हणतात. घाबरवणारा अनुभव असतो, पण बहुतेकांत तो कायमचा नसतो. चकतीमागचा मऊ भाग काही महिन्यांत जाडसर, चिवट होतो आणि भार पेलायला शिकतो. तोंड हळूहळू उघडू लागतं. या सांध्याला निसर्गाने एक मोठी सवलत दिली आहे: इतर बहुतेक सांध्यांत हाडाच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्याऐवजी इथे तंतूमय कूर्चा असते आणि ती बदलत्या भाराशी जुळवून घेण्यात जास्त पटाईत आहे. गुडघ्याच्या झिजेबद्दल आपण जे ऐकलेलं असतं, ते जसंच्या तसं जबड्याला लावू नये.

सांध्याची झीज होतेही, विशेषतः वय वाढल्यावर. तेव्हा ‘कट्ट’ऐवजी वाळूवर पाय पडल्यासारखी करकर ऐकू येते. संधिवाताच्या रुग्णांत हातापायाच्या सांध्यांबरोबर हा सांधाही सुजू शकतो. पण दवाखान्यात येणाऱ्या जबड्याच्या दुखण्यांत सगळ्यात मोठा वाटा स्नायूंचा असतो.

दात एकमेकांवर दाबा आणि गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर, हात ठेवा. टणक गोळा फुगलेला जाणवेल. तो चावण्याचा मुख्य स्नायू, आकाराच्या मानाने शरीरातल्या सगळ्यात ताकदवान स्नायूंपैकी एक. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला दुसरा. आतल्या बाजूला आणखी दोन, ज्यातला एक जबड्याला पुढे ओढतो. हे स्नायू जेवणासाठी बनलेत. जेवताना आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात. तासन्‌तास आवळून राहण्यासाठी ते बनलेले नाहीत. चोवीस तासांत वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकण्याचा एकूण वेळ खरं तर काही मिनिटांचाच असायला हवा, तोही घास चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले आणि दात सुटे, मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट, हीच जबड्याची विश्रांतीची अवस्था.

आता या क्षणी तुमचे दात टेकलेले आहेत का, बघा. टेकलेले असतील तर तुम्ही एकटे नाही. स्क्रीनकडे बघताना, दुचाकीवर खड्डे चुकवताना, कणीक मळताना, परीक्षेचा पेपर लिहिताना, मुलावर ओरडायचं टाळून गप्प बसताना आपण दात आवळतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. रोज तासन्‌तास हलकंसं आवळणं हे एकदाच जोरात काहीतरी फोडण्यापेक्षा जास्त दुखवतं. रात्री दात खाणं हा वेगळा प्रकार आहे. ते झोपेतल्या छोट्या छोट्या जागेपणांशी जोडलेलं असतं. मद्य, तंबाखू, उशिराचा चहा-कॉफी यांनी ते वाढतं, नैराश्यावरच्या काही औषधांनीही वाढू शकतं (म्हणून औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला). मोठ्याने घोरणाऱ्याने आणि झोपेत श्वास अडकणाऱ्याने त्याचीही तपासणी करून घ्यावी. लहान मुलं झोपेत करकर दात खातात तेव्हा आपल्या घरांत ‘पोटात जंत झालेत’ हे निदान ठरलेलं असतं. त्याला ठोस पुरावा नाही. मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा वय वाढलं की आपोआप थांबतं.

मग कान का दुखतो? चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मोठ्या मज्जातंतूची एक फांदी या सांध्याला, कानाच्या नळीच्या पुढच्या भागाला आणि कानशिलाला, तिन्हींना पुरवठा करते. मेंदूला निरोप येतो, पण नेमका कुठून आला ते त्याला कळत नाही. गालाच्या स्नायूतली गाठ दाबली की दुखणं वरच्या किंवा खालच्या दाढेत उमटतं. कानशिलाचा स्नायू आवळला की डोकेदुखी म्हणून समोर येतं. म्हणून मी कळकळीने सांगतो: दाढेत कीड नाही, एक्स-रेमध्ये काही नाही, गार-गरम लागत नाही आणि तरी दाढ ठणकते, तर दाढ काढण्याआधी किंवा तिचं रूट कॅनाल करण्याआधी डॉक्टरांना गालाचा स्नायू दाबून बघायला सांगा. दाबल्यावर नेमकं तेच, ओळखीचं दुखणं उठलं, तर दाढ वाचली.

हे सगळं इतकं साधं असूनही या आजाराचा इतिहास दुःखद आहे आणि तो रुग्णाला माहीत असायला हवा. १९३४ मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या आणि सांध्याच्या काही तक्रारी मागच्या दाढा नसल्यामुळे जबडा जास्त मिटतो, या कारणाशी जोडल्या. त्यांनी मांडलेलं शरीररचनेचं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही, पण ‘दोष चाव्यात आहे’ ही कल्पना दंतवैद्यकात खोल रुजली. पुढची कित्येक दशकं दुखणाऱ्या माणसांचे निरोगी दात घासून चावा ‘जुळवला’ गेला, सगळ्या दातांना कॅप बसवल्या गेल्या. १९८० च्या दशकात अमेरिकेत सरकलेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम चकती बसवण्याची लाट आली. जबड्याच्या भाराने तिचे सूक्ष्म तुकडे झाले, शरीराने त्या तुकड्यांवर हल्ला चढवला आणि काही रुग्णांत आजूबाजूचं हाड झिजत कवटीच्या तळापर्यंत पोचलं. १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती चकती बाजारातून काढायला लावली. तोवर हजारो लोकांच्या जबड्यात ती बसली होती. साध्या दुखण्याने दवाखान्यात गेलेली ही माणसं आयुष्यभराची दुखणी घेऊन जगली.

दरम्यान संशोधनाची दिशा बदलली. अमेरिकेतल्या ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या अभ्यासात निरोगी लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवून कोणाला हे दुखणं नव्याने लागतं ते पाहिलं गेलं. चाव्याची ठेवण हे त्याचं मोठं कारण नव्हतं. ज्यांची झोप बिघडत गेली होती, ज्यांना पाठ, पोट, डोकं अशी इतर दुखणी आधीपासून होती, ज्यांच्या शरीराच्या तक्रारी एकूणच जास्त होत्या, त्यांना ते जास्त लागलं. वेदना महिनोन्‌महिने चालली की मज्जासंस्था स्वतःच हळवी होते आणि साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून वाचू लागते. अर्धशिशी, अंगभर दुखण्याचा फायब्रोमायल्जिया, वारंवार बिघडणारं पोट आणि जबड्याचं दुखणं एकाच माणसात दिसतात, ते यामुळे. याचा अर्थ दुखणं मनाचा खेळ आहे असा मुळीच नाही. दुखणं खरं आहे. फक्त त्याची जागा दोन दातांमधल्या अर्ध्या मिलिमीटरपुरती नाही. दात सरळ करायच्या तारांमुळे हे दुखणं होतं किंवा तारा लावून ते बरं होतं, यालाही आधार सापडलेला नाही.

चांगली तपासणी कशी होते? तिला यंत्रं फार लागत नाहीत, वेळ लागतो. डॉक्टर तुम्हाला तोंड न दुखता उघडेल तेवढं उघडायला सांगतात, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजतात, मग दुखलं तरी चालेल म्हणून पूर्ण उघडायला लावून पुन्हा मोजतात. चाळीस मिलिमीटर आणि वर असेल तर बरं. घरी मोजायचं तर आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहा. मग जबडा डावी-उजवीकडे, पुढे किती सरकतो ते बघतात. गालाचा, कानशिलाचा स्नायू बोटाच्या टोकाने एकेक जागा करून दाबतात आणि विचारतात, “हेच का ते तुमचं नेहमीचं दुखणं?” मान तपासतात. झोप कशी आहे, कामाचा ताण काय, सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, हे विचारतात. सकाळचं दुखणं रात्रीच्या दात खाण्याकडे बोट दाखवतं, संध्याकाळचं दिवसभराच्या आवळण्याकडे. पूर्ण जबड्याचा एक्स-रे हाडं दाखवतो, चकती दाखवत नाही. चकती एमआरआयमध्ये दिसते, पण तो सगळ्यांना लागत नाही. उपचार बदलणार असेल तरच काढावा.

काही दुखणी या नावाखाली दडलेली असतात आणि ती ओळखायला उशीर झाला तर महागात पडते. चालताना, जिना चढताना जबड्यात किंवा गळ्यात दुखू लागलं, थांबल्यावर कमी झालं, सोबत छातीत जडपणा, घाम, दम लागणं असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. अशा वेळी दंतवैद्य नको, थेट इस्पितळ गाठा. वीज चमकावी तशी क्षणभराची असह्य कळ, चेहरा धुताना किंवा दात घासताना उठणारी, ही मज्जातंतूची वेगळी व्याधी आहे. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, केस विंचरताना डोकं दुखतं, चावताना जबडा थकतो आणि नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात दृष्टी जाऊ शकते. ताप आणि सूज, चेहऱ्याला बधिरपणा, दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, जखमेनंतर काही दिवसांनी आखडलेला जबडा, यातलं काहीही घरगुती उपायांवर सोपवू नये.

आणि आपल्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट: गुटखा आणि सुपारी. तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट खाल्लं की आग होते, गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ झाली आहे, बोट फिरवलं तर दोऱ्यांसारखे पट्टे लागतात, तर तो सांध्याचा आजार नाही. सुपारीमुळे तोंडातलं मऊ आवरण कडक होत जाणारा तो आजार आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी अशी बंद होत चाललेली तोंडं घेऊन तरुण मुलं दवाखान्यांत येतच आहेत. जबड्याचे व्यायाम सांगण्याआधी त्यांना सुपारी सोडायला सांगावं लागतं.

लहान मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटी फाटते, टाके पडतात, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण हनुवटीवरचा तो धक्का थेट वर, सांध्याच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे हाड मोडू शकतं. ते लक्षात आलं नाही आणि दुखतं म्हणून मूल तोंड हलवेनासं झालं, तर सांध्याची दोन हाडं एकमेकांना जोडली जाऊ शकतात. मग तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढ खुंटते. हनुवटी मागे जाते, चेहरा एका बाजूला वाकडा होतो. हे टाळता येतं. हनुवटीवर पडलेल्या मुलाला टाके घालणाऱ्या डॉक्टरांना “जबड्याचा सांधा बघता का?” एवढं विचारा, आणि पुढचे काही आठवडे मूल नीट तोंड उघडतं का यावर लक्ष ठेवा.

आता उपचार. २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तीन महिन्यांहून जुन्या जबड्याच्या दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध झाल्या. ज्या उपायांची त्यांनी ठामपणे शिफारस केली, त्यात एकही यंत्र नाही आणि एकही शस्त्रक्रिया नाही. आजार समजावून सांगणं आणि धीर देणं, घरी करायचे व्यायाम आणि स्नायूंना हलका ताण देणं, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, स्नायूंमधल्या दुखऱ्या गाठी हाताने सोडवणं, आणि वेदनेशी वागण्याची पद्धत बदलणारं समुपदेशन. हे सगळं वेळखाऊ आहे आणि त्यात डॉक्टरांची फारशी कमाई होत नाही. म्हणून रुग्णानेच ते मागून घ्यावं लागतं.

घरी काय करायचं? पहिलं काम दात सुटे ठेवणं. जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकवा, ‘न’ म्हणताना टेकते तिथे. दात सुटे, ओठ मिटलेले. दिवसातून अनेकदा आठवण व्हावी म्हणून मोबाइलच्या मागे, स्वयंपाकघरात ओट्यासमोर, गाडीच्या आरशावर टिकली चिकटवा. टिकली दिसली की जबडा सैल. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसभर आवळणाऱ्यांना आठवड्या-दोन आठवड्यांत फरक जाणवू लागतो.

दुखणं जोरात असेल तेव्हा काही दिवस जबड्याला हलकं काम द्या. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेल्या भाज्या. ऊस दाताने सोलणं, फुटाणे, चिक्की, सुपारी, च्युइंगम बंद. वडापाव खायचा तर तुकडा तोडून, मोठा आ वासून नाही. मात्र महिनोन्‌महिने पातळ खाऊन जबडा पांगळा करू नका. दुखणं उतरलं की नेहमीच्या जेवणावर या आणि दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की जीभ टाळूला लावून किंवा हनुवटीखाली मूठ धरून तिला आवर घाला. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणं, हनुवटी तळहातावर टेकून बसणं, पालथं झोपणं, नखं आणि पेन चावणं सोडा.

गालाला ओलसर गरम कपड्याने दहा-पंधरा मिनिटं शेक द्या, दिवसातून दोन-तीनदा. नुकता मार लागला असेल किंवा एकाएकी दुखणं उसळलं असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं. शेकानंतर गालाचा स्नायू दोन बोटांनी वरून खाली, सावकाश, सहन होईल इतक्या दाबाने चोळा. मग आरशासमोर, जीभ टाळूला तशीच टेकवून, तोंड हळूहळू उघडा आणि मिटा. जीभ टाळूला असेपर्यंत जबडा फिरतो, फार पुढे घसरत नाही, त्यामुळे हनुवटी सरळ रेषेत ठेवायला शिकता येतं. पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा. दुखणं वाढतं आहे असं वाटलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

वेदनाशामकं थोड्या दिवसांसाठी ठीक, पण पित्त, मूत्रपिंड, रक्तदाब, गरोदरपण असं काही असेल तर स्वतःच्या मनाने दुकानातून घेऊ नका. जुन्या दुखण्यात कधी कधी डॉक्टर रात्री कमी मात्रेत एक जुनं नैराश्यविरोधी औषध देतात. ते वेदनेसाठी असतं, तुम्हाला वेडं समजून दिलेलं नसतं.

रात्री घालायच्या प्लास्टिकच्या पट्टीबद्दल मतं सारखी नाहीत. दात खाऊन झिजत असतील तर ती दातांचं रक्षण करते, यात शंका नाही. वेदना कमी करण्याबाबत तिचा पुरावा कमकुवत आहे, आणि बीएमजेच्या शिफारशींत जुन्या दुखण्यासाठी तिच्याविरुद्धच कल आहे. घ्यायचीच तर सगळे दात झाकणारी, मापाने केलेली, फक्त रात्री घालायची आणि ठरावीक काळाने तपासून घ्यायची. काही दातच झाकणाऱ्या पट्ट्या महिनोन्‌महिने घातल्या तर उघडे राहिलेले दात सरकतात आणि चावा खरोखरच बिघडतो. बोटॉक्सच्या इंजेक्शनांबाबतही त्या शिफारशींचा कल विरोधीच आहे. आधी साधे उपाय नीट करून बघा.

बंद कुलूप आठवडे उलटूनही सुटत नसेल आणि दुखत असेल, तर सांध्यात सुई घालून तो सलाइनने धुण्याचा उपाय तोंडाच्या सर्जनकडे असतो. १९९१ पासून तो वापरात आहे; छोटा आहे, पण दुखणं मुख्यतः स्नायूंचं असेल तर निरुपयोगी आहे. हाडं जोडली गेलेला सांधा, मोठी झीज, गाठ, मोडलेलं हाड यांसाठी शस्त्रक्रिया लागते आणि तिथे ती करावीच. जांभई देताना जबडा उघडाच अडकला, तर घरी कोणी तोंडात मारून किंवा ओढून तो बसवायचा प्रयत्न करू नये. इस्पितळात डॉक्टर मागच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागे ढकलून जागेवर आणतात.

बहुसंख्य लोकांचं हे दुखणं साध्या उपायांनी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरतं. म्हणून कोणी दात घासून चावा जुळवायचा, सगळ्या दातांना कॅप बसवायच्या किंवा सांधा उघडायचा सल्ला दिला, तर तीन प्रश्न विचारा: हे केल्यावर परत आधीसारखं करता येईल का? न केल्यास काय होईल? आधी तीन महिने व्यायाम करून बघता येईल का? उत्तरं पटली नाहीत तर दुसरं मत घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, या सगळ्या ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि तपासणी अल्प खर्चात होते. मोठा खर्च करण्याआधी तिथे एकदा जबडा दाखवून या.